घरबसल्या यहुदी संग्रहालये : मराठी वाचकाच्या हाती असलेली किल्ली

कावेरीकाठचे कुंभकोणम हे देवळांचे गाव. महामहम तीर्थ, पितळी समया, विड्याची पाने आणि डिग्री कॉफी यांसाठी ते प्रसिद्ध आहे. थोर गणिती श्रीनिवास रामानुजन यांचे बालपण येथेच गेले. या गावात यहुदी प्रार्थनागृह नाही, यहुदी वस्तुसंग्रहालय तर नाहीच. तरीही बदलीच्या निमित्ताने येथे आलेला एखादा मराठी बँक कर्मचारी किंवा पिढ्यान्‌पिढ्या येथे राहणारे एखादे मराठी कुटुंब घरच्या संगणकावर जेरुसलेम, तेल अविव व ॲमस्टरडॅम येथील यहुदी संग्रहालयांचे दर्शन घेऊ शकते. या दर्शनात एक गोष्ट अशी आहे की, ती जगातील इतर बहुतेक प्रेक्षकांपेक्षा मराठी वाचकास अधिक सहजतेने उमगते. यहुदी समाजाच्या एका शाखेची मातृभाषा शतकानुशतके मराठी होती. त्या शाखेचा जो वारसा आज परदेशी संग्रहालयांत आहे, त्याचा मोठा भाग मराठीत लिहिलेला व छापलेला आहे.

दूरदेशीची मराठी

मराठी भाषा महाराष्ट्राबाहेर रुजल्याचे ठळक उदाहरण म्हणजे तंजावर प्रांत. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजीराजे यांनी तंजावर येथे राज्य स्थापन केले आणि त्यांच्यासोबत कारभारी, सैनिक, शास्त्री व कीर्तनकार दक्षिणेत आले. कुंभकोणम हे तंजावरपासून सुमारे ४० किलोमीटरवर असल्याने तेथेही मराठी घराणी स्थिरावली. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा या तीन संस्थानांचे दिवाण राहिलेले सर टी. माधवराव यांचा जन्म १८२८ साली कुंभकोणम येथेच झाला. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर सरफोजीराजांच्या काळात, १८०३ साली कोरविलेला भोसले वंशाचा मराठी इतिहास आजही वाचता येतो. सरस्वती महाल ग्रंथालयातील मराठी हस्तलिखिते व मोडी कागदपत्रे हा तर अभ्यासकांचा ठेवाच आहे.

कोकणातील बेने इस्राएल समाजाची कथा याच्या उलट दिशेने सुरू होते. हा समाज बाहेरून आला आणि मराठी झाला. त्यांच्या परंपरेनुसार त्यांच्या पूर्वजांचे गलबत अलिबागजवळील नवगाव येथे फुटले आणि त्यातून सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या. नवगाव येथे त्यांचे स्मारक आहे. पुढे हे लोक कोकणातील गावोगावी पसरले आणि तेल गाळण्याचा व्यवसाय करू लागले. शनिवारी ते घाणा बंद ठेवीत, म्हणून त्यांना ‘शनिवार तेली’ असे नाव पडले. गावाच्या नावापुढे ‘कर’ लावून आडनाव घेण्याची मराठी रीत त्यांनी स्वीकारली. पेणकर, दिवेकर, राजपूरकर, किहीमकर, अष्टमकर, रोहेकर ही त्यांची आडनावे ऐकून कोणासही रायगड जिल्ह्याचा नकाशा आठवावा.

भारतात यहुदी समाजाच्या आणखी दोन प्रमुख शाखा आहेत. केरळातील कोची यहुदी हे मल्याळम बोलणारे, तर अठराव्या शतकाच्या अखेरीपासून इराक व आसपासच्या प्रदेशांतून आलेले बगदादी यहुदी हे व्यापारात अग्रेसर. पुण्यातील ‘लाल देऊळ’ हे डेव्हिड ससून यांनी बांधविलेले प्रार्थनागृह याच बगदादी परंपरेतील आहे. बँकिंग क्षेत्राशीही या शाखेचा संबंध आहे. १९०६ साली स्थापन झालेल्या बँक ऑफ इंडियाच्या संस्थापकांत सर ससून जे. डेव्हिड हे अग्रभागी होते व तेच त्या बँकेचे पहिले अध्यक्ष झाले. तमिळनाडूही या इतिहासापासून अलिप्त नाही. सतराव्या शतकात हिरे व पोवळी यांच्या व्यापारासाठी पोर्तुगीज वंशाचे यहुदी व्यापारी मद्रासला येऊन राहिले होते.

वारसा विखुरला कसा?

१९४८ साली इस्राएल राष्ट्राची स्थापना झाली आणि त्यानंतरच्या दोन-तीन दशकांत भारतातील बहुसंख्य यहुदी तेथे स्थलांतरित झाले. आज इस्राएलमध्ये बेने इस्राएलांची संख्या हजारोंच्या घरात आहे. भारतात मात्र हा समाज थोडक्या हजारांवर आला असून तो प्रामुख्याने मुंबई, ठाणे व रायगड परिसरात राहतो. महाराष्ट्र शासनाने २०१६ साली यहुदी समाजास अल्पसंख्याकाचा दर्जा दिला.

माणसे गेली तशा त्यांच्यासोबत प्रार्थनापुस्तके, विवाहपत्रे, दिवे, साड्या आणि छायाचित्रेही गेली. इमारती मात्र बहुधा येथेच राहिल्या. मुंबईत १७९६ साली सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी बांधविलेले ‘शार हारहामिम’ हे बेने इस्राएलांचे शहरातील पहिले प्रार्थनागृह, पनवेलचे ‘बेथ एल’ आणि ठाण्याचे १८७९ सालचे ‘शार हाशामायिम’ ही त्याची उदाहरणे होत. कोचीच्या बाबतीत तर एका प्रार्थनागृहाचा अंतर्भागही परदेशी गेला. मट्टनचेरी येथील कडवुंभागम प्रार्थनागृहाचे कोरीव लाकूडकाम जेरुसलेमच्या इस्राएल संग्रहालयात पुन्हा उभारण्यात आले आहे. तेथे इटली, जर्मनी व सुरीनाम येथील प्रार्थनागृहांच्या शेजारी केरळी सुतारांची कारागिरी पाहावयास मिळते.

अशा परिस्थितीत इमारत अलिबागेत, पुस्तक जेरुसलेमात, छायाचित्र तेल अविवमध्ये आणि गाणे एखाद्या विद्यापीठाच्या ध्वनिसंग्रहात अशी या वारसाची वाटणी झाली आहे. कितीही प्रवास केला तरी हे सारे एका ठिकाणी दिसणार नाही. आंतरजालावर मात्र ते एका बैठकीत शेजारीशेजारी ठेवून पाहता येते. म्हणूनच या विषयापुरते तरी घरबसल्या घेतलेले दर्शन हे प्रत्यक्ष भेटीची उणी नक्कल ठरत नाही. वारसाचे विखुरलेले तुकडे जुळविण्याची ती एकमेव सोयीची जागा आहे.

कोठे काय पाहावे?

जगभरच्या संग्रहालयांनी आपले दालन आंतरजालावर उघडण्यास बरीच वर्षे लोटली. २०२० साली कोरोनाच्या साथीत दारे बंद झाल्यावर या कामास मोठी गती आली आणि त्यातील पुष्कळसे साहित्य आजही खुले आहे. त्यांपैकी काही प्रमुख ठिकाणांचा परिचय पुढीलप्रमाणे आहे.

इस्राएल संग्रहालय, जेरुसलेम : १९६५ साली स्थापन झालेल्या या संग्रहालयाच्या संकेतस्थळावर प्रार्थनागृहांची दालने, पोशाख व धार्मिक वस्तू यांची माहिती मिळते. २०११ साली गूगलच्या साहाय्याने या संग्रहालयाने मृत समुद्राजवळ सापडलेल्या प्राचीन गुंडाळ्यांपैकी पाच गुंडाळ्यांची अतिसूक्ष्म छायाचित्रे प्रसिद्ध केली. दोन हजार वर्षांपूर्वीची यशया संदेष्ट्याची गुंडाळी कातड्याच्या शिवणीपर्यंत मोठी करून पाहता येते. काचेच्या पेटीसमोर उभे राहून इतके बारकावे दिसणे अशक्यच होय.

इस्राएलचे राष्ट्रीय ग्रंथालय, जेरुसलेम : येथे हस्तलिखिते, जुनी नियतकालिके, छायाचित्रे व ध्वनिमुद्रणे यांचा प्रचंड संग्रह आहे. मराठी वाचकाने सर्वप्रथम भेट द्यावी असे हे स्थळ. त्याचे कारण पुढे येईल.

‘अनु’ यहुदी जनसंग्रहालय, तेल अविव : १९७८ साली ‘बेत हातफुत्सोत’ या नावाने उघडलेल्या या संस्थेचे २०२१ साली नव्या नावाने व नव्या स्वरूपात पुनरुद्घाटन झाले. निरनिराळे यहुदी समाज, आडनावे व छायाचित्रे यांच्या माहितीचा साठा हे तिचे वैशिष्ट्य होय.

यहुदी कला केंद्र, हिब्रू विद्यापीठ : जगभरातील प्रार्थनागृहांची मोजमापे, आराखडे व छायाचित्रे यांची सूची या केंद्राने आंतरजालावर ठेवली आहे. त्यात भारतातील प्रार्थनागृहांचाही समावेश आहे.

रिकॉलिंग ज्यूइश कलकत्ता : हा भारतातच सिद्ध झालेला आंतरजालीय संग्रह. लेखिका जाएल सिलिमन यांच्या पुढाकाराने कोलकात्यातील यहुदी कुटुंबांची छायाचित्रे, आठवणी व कागदपत्रे येथे एकत्र आली. लहान समाजाने आपला इतिहास कसा जतन करावा, याचा हा उत्तम वस्तुपाठ आहे.

ॲन फ्रँक गृह, ॲमस्टरडॅम : ॲन फ्रँकची दैनंदिनी मराठी वाचकांच्या परिचयाची आहे. ज्या गुप्त खोल्यांत ती व तिचे कुटुंबीय दोन वर्षांहून अधिक काळ लपून राहिले, त्या खोल्यांतून आंतरजालावर फिरता येते. शाळकरी मुलांसोबत पाहावे असे हे ठिकाण आहे.

मराठी वाचकाचा अधिकार

आता राष्ट्रीय ग्रंथालयाकडे पुन्हा वळू. यहुदी लोक वल्हांडणाच्या म्हणजे पेसाहच्या रात्री जे पुस्तक वाचतात, त्यास ‘हगादा’ म्हणतात. मिसर देशातील गुलामगिरीतून आपल्या पूर्वजांची सुटका कशी झाली, याची कथा घरातील मुलांना सांगणे हा या वाचनाचा हेतू. १८४६ साली मुंबईत मराठी अनुवादासह हगादा शिळाछापावर छापला गेला. १८७४ साली पुण्यात निघालेला सचित्र हगादा तर विशेष प्रसिद्ध आहे. त्यातील एका चित्रात साडी नेसलेल्या स्त्रिया सणाची बेखमीर भाकरी तयार करताना दाखविल्या आहेत. युरोपीय हगादांच्या चित्रपरंपरेत मराठी घरातील स्वयंपाकघर असे अलगद येऊन बसले.

परदेशी अभ्यासकास या पानावरील हिब्रू वाचता येते, चित्रही समजते; परंतु मराठी मजकुरापाशी तो बहुधा अडतो. पुण्यामुंबईचा किंवा कुंभकोणमचा मराठी वाचक नेमका तोच मजकूर सहज वाचू शकतो. एकोणिसाव्या शतकातील मराठी कशी होती, हिब्रू कल्पनांसाठी अनुवादकाने कोणते शब्द योजले, कोठे संस्कृत शब्द घेतला व कोठे कोकणी बोलीतील, हे त्यास कळते. जोसेफ इझिकेल राजपूरकर यांच्यासारख्या विद्वानांनी हिब्रू प्रार्थनाग्रंथ मराठीत आणण्यासाठी आयुष्य वेचले. त्यांच्या श्रमांचे मोल जाणणारा स्वाभाविक वाचक मराठी भाषकच आहे.

सणांच्या नावांचे उदाहरण घ्यावे. हाईम सॅम्युएल किहीमकर यांनी १८९७ साली आपल्या समाजाचा इतिहास इंग्रजीत लिहून पूर्ण केला. तो १९३७ साली तेल अविव येथे प्रसिद्ध झाला. त्यात समाजातील जुन्या सणांची मराठी नावे नोंदलेली आहेत. यहुदी नववर्ष म्हणजे ‘नव्याचा सण’. उपवासाचा व प्रायश्चित्ताचा दिवस, ज्या दिवशी सारे कुटुंब दारे लावून घरात राही, तो ‘दारफाळणीचा सण’. याशिवाय ‘खिरीचा सण’ आहे आणि जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचे स्मरण करण्याचा दिवस ‘बिरड्याचा सण’ या नावाने ओळखला जाई. वालाचे बिरडे ज्याने खाल्ले आहे, त्यास या नावाचा अर्थ सांगावा लागत नाही. संदेष्टा एलियाहू यांच्या स्मरणार्थ होणाऱ्या ‘मलिदा’ विधीत पोहे, खोबरे, साखर व फळे मांडली जातात. अशी वस्तू वा असे छायाचित्र संग्रहालयाच्या पडद्यावर दिसले की मराठी प्रेक्षकास ते परके वाटत नाही.

साकी, दिंडी आणि कीर्तन

कुंभकोणमच्या वाचकास या समाजाशी जोडणारा आणखी एक धागा संगीताचा आहे. मराठी कीर्तनाची परंपरा तंजावर दरबाराच्या आश्रयाने दक्षिणेत रुजली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तंजावर कृष्ण भागवतर यांनी मराठी कीर्तनपद्धती आणि कर्नाटक संगीत यांचा मेळ घालून हरिकथेस नवे रूप दिले. साकी, दिंडी, ओवी, अभंग हे मराठी प्रकार तमिळ हरिकथेत आजतागायत टिकून आहेत.

जवळजवळ त्याच काळात, म्हणजे १८८० च्या सुमारास, मुंबईतील बेने इस्राएल समाजानेही कीर्तन आपलेसे केले. अब्राहाम, योसेफ, मोशे यांच्या कथा मराठी वृत्तांत बांधून, पूर्वरंग-उत्तररंगाशी परिचित असलेल्या श्रोत्यांसमोर त्या गाइल्या जाऊ लागल्या. हिब्रू ग्रंथ न समजणाऱ्या स्त्रियांना व मुलांना धर्मकथा कळाव्यात, हा त्यामागील मोठा लाभ होता. अमेरिकेतील संगीत-अभ्यासक ॲना शुल्ट्झ यांनी मराठी कीर्तनाचा व बेने इस्राएलांच्या मराठी गीतांचा अभ्यास केला आहे. एकच मराठी साचा कावेरीकाठी तमिळ झाला आणि कोकणकिनारी यहुदी कथा सांगू लागला. या दोन्ही टोकांची गाणी ऐकणाऱ्यास मराठीच्या सामर्थ्याचा वेगळा पुरावा देण्याची गरज उरत नाही. केरळातील यहुदी स्त्रियांच्या मल्याळम गीतांचा संग्रहही हिब्रू विद्यापीठाच्या यहुदी संगीत संशोधन केंद्राने २००४ साली प्रसिद्ध केला आहे. दक्षिणेतील वाचकांनी तोही अवश्य ऐकावा.

पाहण्याची पद्धत

संग्रहालयाचे संकेतस्थळ उघडताच हजारो वस्तू समोर येतात आणि नवखा प्रेक्षक गोंधळून जातो. पुढील सूचना उपयुक्त ठरतील.

१. एका बैठकीस एकच विषय निवडावा. उदाहरणार्थ, आज केवळ हगादा, पुढील रविवारी केवळ प्रार्थनागृहे.

२. शोध घेताना ‘भारतीय यहुदी’ एवढ्यावर न थांबता बेने इस्राएल, कोची व बगदादी ही नावे इंग्रजी अक्षरांत स्वतंत्रपणे टाकावीत. आडनावे व गावांची नावे जुन्या इंग्रजी वर्णलेखनात निराळी असू शकतात. म्हणून दोन-तीन प्रकारे लिहून पाहावे.

३. ग्रंथालयांच्या सूचीत भाषेनुसार निवड करण्याची सोय असल्यास ‘मराठी’ निवडावे. संकेतस्थळ हिब्रूत उघडल्यास वरच्या बाजूस इंग्रजीचा पर्याय शोधावा.

४. वस्तूखालील टीप वाचावी. ती कोठून आली, कोणत्या वर्षी आली व कोणी दिली, या तीन बाबींतून स्थलांतराचा इतिहास कळतो.

५. टिपेतील मराठी नावात वा शब्दात उघड चूक दिसल्यास संबंधित संस्थेस सौजन्याने कळवावे.

६. छायाचित्रे स्वतःच्या अभ्यासासाठी पाहणे व ती अन्यत्र छापणे यांत फरक आहे. छापण्यापूर्वी परवानगीच्या अटी पाहाव्यात.

खातेदारांनी घ्यावयाची काळजी

वर उल्लेखिलेल्या संस्थांचे बहुतांश आंतरजालीय साहित्य विनामूल्य पाहता येते. केवळ पाहण्यासाठी कोणी कार्डाचा क्रमांक मागत असेल, तर तेथेच थांबावे. एखाद्या व्याख्यानाचे शुल्क किंवा देणगी द्यावयाची असल्यास संस्थेच्या मूळ संकेतस्थळावरूनच द्यावी. संदेशातून आलेल्या दुव्यावरून देऊ नये. रिझर्व्ह बँकेच्या २०२० सालच्या नियमांनुसार कार्डावरील आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू वा बंद करण्याचा आणि त्यांची मर्यादा ठरविण्याचा अधिकार ग्राहकास आहे. गरजेपुरताच तो चालू करून व्यवहारानंतर बंद करावा. परदेशी संकेतस्थळ ओटीपी मागेलच असे गृहीत धरू नये. परकीय चलनाच्या व्यवहारावर बँकेचे शुल्क व कर लागू होतात, हेही ध्यानात ठेवावे. फसवणूक झाल्याचे लक्षात येताच आपल्या बँकेस आणि १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर विनाविलंब कळवावे.

घरातील कपाटही संग्रहालयच

परदेशी संग्रहालयांतील या वस्तू कोणा राजाच्या जामदारखान्यातून आलेल्या नाहीत. त्यांतील पुष्कळशा साध्या कुटुंबांच्या ट्रंकांतून आल्या आहेत. कोणीतरी त्या जपल्या, कोणीतरी त्यांवर नाव-गाव लिहून ठेवले, म्हणून त्या आज ओळखता येतात. ज्या छायाचित्रांमागे काहीच लिहिलेले नाही, त्यांतील चेहरे मात्र कायमचे अनोळखी राहिले.

ही बाब बेने इस्राएल कुटुंबांस जितकी लागू आहे, तितकीच कुंभकोणम-तंजावरच्या मराठी कुटुंबांसही आहे. तेथील अनेक घरांत मराठी अजून बोलली जाते; परंतु देवनागरी वाचणारे कमी होत चालले आहेत आणि मोडी वाचणारे तर क्वचितच आढळतात. म्हणून घरातील वडीलधारी मंडळी सांगू शकतात तोवरच जुन्या छायाचित्रांमागे पेन्सिलीने नाव, गाव व साल लिहून ठेवावे. पत्रे, विवाहपत्रे व कीर्तनाच्या वह्या यांची भ्रमणध्वनीवर सुस्पष्ट छायाचित्रे काढावीत आणि त्यांची एक प्रत घराबाहेर सुरक्षित ठेवावी. ठेवीच्या पावतीवर जसे आपण न चुकता नामनिर्देशन करतो, तसाच हा कौटुंबिक ठेवीचा नामनिर्देश आहे. तो आजच्या पिढीनेच करावयाचा आहे, कारण पुढील पिढीस ही अक्षरे वाचता येतीलच याची खात्री कोणी देऊ शकत नाही.